सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि एचटीएमध्ये शैक्षणिक करिअर: पहिल्या स्क्रीनिंगपासून स्वतःच्या संशोधनापर्यंत

आधी स्टॅटिस्टिक्स शिकू, हेल्थ इकॉनॉमिक्स शिकू, की थेट पीएचडीला अर्ज करू? या क्षेत्रात येऊ पाहणारे बहुतेक जण मला हेच विचारतात. माझं उत्तर कित्येक वर्षांत बदललेलं नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या तरी रिव्ह्यूमध्ये शिरा, हजार-दोन हजार शीर्षकं आणि गोषवारे वाचा आणि प्रत्येकावर ‘ठेवा’ की ‘वगळा’ हा निर्णय स्वतः घ्या. आठवड्याच्या शेवटी कंटाळा आला तर घाबरू नका, तो सगळ्यांनाच येतो. पण ‘दुपारी तो एक अभ्यास मी वगळला, ते बरोबर होतं का?’ हा प्रश्न रात्री जेवतानाही डोक्यात घोळत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

काम नेमकं काय असतं

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये एका नेमक्या प्रश्नावर झालेले सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या पद्धतीने शोधायचे, पारखायचे आणि शक्य असेल तिथे त्यांचे आकडे एकत्र करायचे (यालाच मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात). हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट, म्हणजे एचटीए, त्याच्या पुढचा प्रश्न विचारतं: हे औषध, ही तपासणी किंवा हे उपकरण सार्वजनिक पैशातून द्यावं का? त्यासाठी परिणामकारकतेबरोबर खर्च, रुग्णाच्या आयुष्याची प्रत, अंमलबजावणी आणि न्याय यांचाही विचार करावा लागतो. इंग्लंडमधली नाइस ही संस्था १९९९ पासून, जर्मनीतली आयक्विग २००४ पासून, थायलंडमधली हायटॅप २००७ पासून आणि भारतातली एचटीएइन २०१७ पासून हेच काम करतात. युरोपीय संघात जानेवारी २०२५ पासून नव्या कर्करोग-औषधांचं वैद्यकीय मूल्यमापन एकत्रितपणे होऊ लागलं आहे. कुशल रिव्ह्यूअरची गरज वाढतेच आहे.

या कामाचं मोल समजून घ्यायचं असेल, तर असे रिव्ह्यू करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचं बोधचिन्ह नीट पाहा. त्यातल्या आडव्या रेघा शोभेच्या नाहीत. मुदतीआधी प्रसूती होण्याची शक्यता असलेल्या मातांना स्टिरॉइड द्यावं का, या प्रश्नावरच्या चाचण्यांचे ते निष्कर्ष आहेत. पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी केली, ती १९७२ मध्ये छापून आली. नंतर आणखी चाचण्या झाल्या. पण त्या सगळ्या एकत्र मांडणारा रिव्ह्यू यायला १९८९ साल उजाडलं. उपाय हाताशी होता, पुरावाही होता, पण तो एका जागी कुणी मांडला नव्हता. त्या मधल्या वर्षांत जन्मलेल्या बाळांचा विचार आला, की एक्सेलच्या चौकटी भरण्याचं काम मला कधीच क्षुल्लक वाटत नाही.

पायरी पहिली: आपली जागा ओळखा

एका रिव्ह्यूमध्ये चार-पाच वेगवेगळ्या कसबांची माणसं लागतात. डेटाबेसमध्ये शोध रचणारा माहितीतज्ज्ञ, अभ्यास निवडून त्यांची पारख करणारा रिव्ह्यूअर, मेटा-अ‍ॅनालिसिस करणारा स्टॅटिस्टिशियन, विषय जाणणारा डॉक्टर किंवा नर्स, आणि एचटीए असेल तर खर्च आणि परिणामांचं मॉडेल बांधणारा हेल्थ इकॉनॉमिस्ट. फार्मसी, ग्रंथालयशास्त्र, गणित, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, अशा कुठल्याही वाटेने इथे येता येतं. डॉक्टर असणं ही अट नाही.

आपल्या मूळ शिक्षणाला जवळची जागा धरा आणि शेजारची एक जागा शिकून घ्या. फार्मसिस्टने शोध रचायला शिकावं, गणितज्ञाने क्लिनिकल ट्रायल वाचायला शिकावं. सगळंच थोडंथोडं येणाऱ्या माणसाला टीममध्ये ठोस काम देणं अवघड जातं. माहितीतज्ज्ञाची जागा मात्र बरेच जण विचारातच घेत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. शोधात जो अभ्यास सापडलाच नाही, तो पुढे कुठलाही स्टॅटिस्टिशियन परत आणू शकत नाही.

पायरी दुसरी: पहिला रिव्ह्यू दुसऱ्याच्या टीममध्ये करा

एकट्याने रिव्ह्यू सुरू करू नका. निवड आणि पारख दोघांनी स्वतंत्रपणे करायची असते, मग मतभेद सोडवायचे असतात. ही किमान शिस्त आहे. वेळेचा अंदाजही आधीच असू द्या. प्रोस्पेरो या रिव्ह्यूंच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदलेल्या १९५ रिव्ह्यूंचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत सरासरी ६७ आठवडे लागलेले दिसले. तीन महिन्यांत रिव्ह्यू ‘काढून’ देणारी टीम भेटली, तर ती कुठल्या पायऱ्या गाळते आहे हे विचारा.

प्रश्न पिको पद्धतीने मांडा: रुग्ण कोण, उपाय काय, तुलना कशाशी, कुठले परिणाम मोजायचे. मग प्रोटोकॉल, म्हणजे कामाचा आराखडा, लिहा आणि शोध सुरू करण्याआधी यॉर्क विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू केलेल्या प्रोस्पेरोवर त्याची नोंद करा. नोंदणीमुळे निकाल पाहून मागाहून निकष बदलण्याचा मोह आवरतो. बदल करावाच लागला, तर तारीख आणि कारण लिहून करा. असे बदल लपवणारेच अडचणीत येतात, लिहून ठेवणाऱ्यांना परीक्षक सहसा समजून घेतात.

आता शोध. इथे थोडं थांबतो, कारण माझी पहिली मोठी चूक इथलीच.

प्राण्यांवरचे प्रयोग नको होते, म्हणून मेडलाइन या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमधल्या शोधात शेवटी मी ‘नॉट अ‍ॅनिमल्स’ अशी ओळ जोडली, तीही त्या शब्दाखालच्या सगळ्या फांद्यांसकट. निकालांची संख्या छान आटोक्यात आली. टीममधल्या ज्येष्ठ ग्रंथपालबाईंनी तो शोध पाहिला, काही न बोलता आम्हाला आधीच माहीत असलेले सहा अभ्यास त्यात शोधले, तर एकही सापडेना. कारण असं, की मेडलाइनच्या मेश या शब्दवृक्षात ‘ह्यूमन्स’ हा शब्द ‘अ‍ॅनिमल्स’ याच फांदीखाली येतो. प्राणी वगळताना मी माणसंच वगळली होती. ‘प्राणी आहेत पण माणसं नाहीत अशा नोंदी वगळा’ असं दोन टप्प्यांत लिहायला हवं होतं. त्या दिवसापासून माझा नियम ठरला: कुठलाही शोध चालवण्याआधी हमखास सापडायलाच हवेत असे पाच-सहा अभ्यास बाजूला लिहून ठेवायचे आणि शोध त्यांच्यावर तपासायचा. शोधाची प्रत्येक आवृत्ती, तारीख आणि सापडलेल्या नोंदींची संख्या फाइलमध्ये ठेवा. मेडलाइन, एम्बेस, सेंट्रल हे डेटाबेस आणि चाचण्यांच्या नोंदवह्या, यांतली एखादी वगळली असेल तर तेही लिहा.

स्क्रीनिंगसाठी, म्हणजे सापडलेल्या नोंदी चाळण्यासाठी, रायन किंवा कोव्हिडन्स हे सॉफ्टवेअर वापरा. शीर्षकं क्रमाने लावून देणारी मशीन लर्निंगची साधनंही आता हाताशी आहेत आणि ती खरोखर वेळ वाचवतात. पण कुठल्या टप्प्यावर यंत्राच्या भरवशावर थांबलात, हे लिहिता आलं पाहिजे. पूर्ण मजकूर वाचून वगळलेल्या प्रत्येक अभ्यासासमोर एक कारण लिहा, फक्त एक आणि ठरवलेल्या क्रमातलं. रिव्ह्यूचा अहवाल कसा लिहावा हे सांगणाऱ्या २०२० च्या प्रिस्मा मार्गदर्शिकेत २७ मुद्दे आहेत. ती यादी रिव्ह्यू लिहून झाल्यावर भरायची नसते, पहिल्या दिवशी छापून भिंतीवर लावायची असते.

पायरी तिसरी: आकड्यांशी मैत्री

डेटा एक्स्ट्रॅक्शन म्हणजे शोधनिबंधातले आकडे आपल्या तक्त्यात उतरवणं. नवखा माणूस इथे सर्वात जास्त चुकतो आणि शिकतोही इथेच.

एक उदाहरण हाताने करून पाहा. समजा, एका गटात ६४ रुग्ण आहेत आणि निबंधात सरासरीपुढे ‘± १.२’ लिहिलं आहे. हा १.२ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (रुग्णारुग्णांमधला फरक) की स्टँडर्ड एरर (सरासरीतली अनिश्चितता)? तो एरर असेल, तर डेव्हिएशन होतं १.२ गुणिले ८, म्हणजे ९.६, कारण ६४ चं वर्गमूळ ८. पण तुम्ही १.२ हेच डेव्हिएशन समजून तक्त्यात टाकलंत, तर सॉफ्टवेअर त्याला पुन्हा ८ ने भागतं आणि एरर ०.१५ धरतं. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये अभ्यासाचं वजन एररच्या वर्गाच्या उलट प्रमाणात असतं. दोन्ही गटांत हीच चूक झाली, तर सगळ्या अभ्यासांमागे एकच परिणाम धरणाऱ्या साध्या फिक्स्ड-इफेक्ट हिशोबात या एका अभ्यासाचं वजन ६४ पट होतं. फॉरेस्ट प्लॉटमध्ये, म्हणजे सगळे अभ्यास एकाखाली एक दाखवणाऱ्या आलेखात, इतर अभ्यासांचे चौकोन मुगाएवढे आणि याचा मात्र भलामोठा दिसतो, आणि वाचणारा म्हणतो, ‘किती भक्कम अभ्यास आहे!’

म्हणून सवय लावा: त्याच मोजपट्टीवर इतर अभ्यासांचं डेव्हिएशन नऊ-दहाच्या घरात असेल आणि एकाचंच एक-सव्वा, तर थांबा, तक्त्याखालची टीप वाचा, लेखकांना लिहा. आकडा कुठल्या पानावरून, कुठल्या तक्त्यातून घेतला, हे शेजारच्या रकान्यात नोंदवा. सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारलं तर तेवढ्यावर उत्तर देता येतं.

जोखीम-पारखीची, म्हणजे अभ्यासाचा निकाल एका बाजूला झुकलेला असण्याचा धोका तपासण्याची, साधनं ठरलेली आहेत: यादृच्छिक चाचण्यांसाठी आरओबी २, इतर हस्तक्षेप-अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय, निदान-चाचण्यांसाठी क्वाडास २. पुराव्यावर एकूण किती विश्वास ठेवायचा ते ग्रेड पद्धतीने ठरतं. ती वापरून शिका, त्याबद्दल इथे जास्त सांगत नाही. एवढंच सांगतो, की ‘धोका कमी’ असं नुसतं लिहू नका, निबंधातलं ज्या वाक्यावरून ते ठरवलं ते वाक्य शेजारी उतरवा. आणि अभ्यास एकमेकांपासून फारच वेगळे असतील, तर मेटा-अ‍ॅनालिसिस न करण्याचं धाडस ठेवा. सरासरी काढता येते म्हणून ती काढायलाच हवी असं नाही.

अभ्यास खरा आहे ना, हेही आता तपासावं लागतं. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिन या औषधावरचा एक मोठा प्रीप्रिंट (परीक्षणाआधीच ऑनलाइन टाकलेला निबंध) जुलै २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातल्या आकड्यांबद्दल गंभीर शंका उभ्या राहिल्या. तो आधीच मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये शिरला होता. चाचणीची नोंदणी कधी झाली, रुग्ण किती दिवसांत गोळा झाले, दोन्ही गटांचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे तर नाहीत, ही तपासणी एक्स्ट्रॅक्शनच्या तक्त्यातच बसवून टाका.

पायरी चौथी: पदवी आणि मार्गदर्शक निवडताना

एक-दोन रिव्ह्यू झाल्यावर मास्टर्स किंवा पीएचडीचा विचार करा. रिव्ह्यूकडे जायचं असेल तर एपिडेमिऑलॉजी किंवा मेडिकल स्टॅटिस्टिक्स, एचटीएकडे जायचं असेल तर हेल्थ इकॉनॉमिक्स किंवा डिसिजन सायन्स. अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा त्यातल्या प्रात्यक्षिकांकडे बघा. आर भाषेत, मेटाफॉर पॅकेजने, खऱ्या डेटावर विश्लेषण करून घेतात का? मॉडेल विद्यार्थ्याकडून शून्यापासून बांधून घेतात का?

मार्गदर्शकाला भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारा, संकोच करू नका. तुमच्या विद्यार्थ्यांनी रिव्ह्यूमध्ये कुठलं काम केलं आणि लेखकांच्या यादीत त्यांचं नाव कितवं होतं? गटाचा पैसा कुठून येतो आणि पुढचा करार किती महिन्यांचा आहे? आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? उत्तर देताना माणूस चाचरला तर लक्षात ठेवा. आणि जमलं तर त्या गटातल्या एखाद्या कनिष्ठ संशोधकाशी चहाच्या वेळी बोला, तिथे खरं चित्र कळतं.

पीएचडीच्या विषयाबद्दल माझं मत ठाम आहे. ‘अमुक आजारात तमुक उपाय’ असे चार रिव्ह्यू एकत्र बांधून प्रबंध होतो, पण त्यातून तुमची ओळख तयार होत नाही. त्यात एक तरी पद्धतीचा प्रश्न हवा. दुर्मीळ दुष्परिणामांचे आकडे कसे एकत्र करावेत? थेट तुलना नसलेल्या औषधांच्या नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिसमधली विसंगती कशी ओळखावी? रिव्ह्यू कधी अद्ययावत करावा? आजार बदलला तरी असा प्रश्न तुमच्यासोबत राहतो आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत तोच उपयोगी पडतो.

पायरी पाचवी: एचटीएमध्ये पाऊल

एचटीएची भाषा क्वालीभोवती फिरते. एक क्वाली म्हणजे पूर्ण आरोग्यात घालवलेलं एक वर्ष. नवा उपचार जुन्यापेक्षा ९,००० पौंड महाग आहे आणि सरासरी ०.३ क्वाली जास्त देतो, तर प्रत्येक जादा क्वालीची किंमत ३०,००० पौंड झाली. यालाच आयसर म्हणतात. नाइसने वर्षानुवर्षं २० ते ३० हजार पौंडांची पट्टी वापरली, त्या हिशेबात हा उपचार अगदी कडेवर येतो.

भागाकार सोपा आहे. अवघड आहे ते त्या ०.३ पर्यंत पोचणं. कर्करोगाच्या चाचणीत रुग्णांवर दोन-तीन वर्षं लक्ष ठेवलेलं असतं, पण मॉडेलला वीस वर्षांचा हिशोब हवा असतो. मग किती रुग्ण जिवंत राहतात हे दाखवणारी रेघ चाचणीच्या पलीकडे ओढावी लागते. वायबुल वक्र घेतला तर एक उत्तर येतं, लॉग-नॉर्मल घेतला तर दुसरं, आणि चाचणीच्या काळात दोन्ही वक्र डेटावर जवळपास सारखेच बसलेले असतात. त्या एका निवडीने आयसर दुप्पट होऊ शकतो. अशा वेळी ‘दहा वर्षांनी किती रुग्ण जिवंत असतील असं वाटतं?’ हे तज्ज्ञ डॉक्टरांना मॉडेलचं उत्तर दाखवण्याआधी विचारा आणि त्यांचा आकडा तारखेसह नोंदवा. आधी मॉडेल दाखवलंत, तर ते मॉडेलच्याच जवळचं काहीतरी सांगतील.

शिरकाव करण्याची चांगली जागा म्हणजे कंपन्यांनी सादर केलेले प्रस्ताव तपासणारे विद्यापीठांतले गट. नाइससाठी असे गट काम करतात. मोजक्या आठवड्यांत शेकडो पानं आणि एक्सेलचं मॉडेल उघडून बघायचं असतं. पहिल्या दिवशी मी मॉडेलला मुद्दाम टोकाची इनपुट देतो: औषधाची किंमत शून्य, परिणाम शून्य, मृत्यूदर शंभर टक्के. परिणाम शून्य केल्यावरही नव्या उपचाराला जास्त क्वाली मिळत असतील, तर कुठेतरी सूत्र तुटलं आहे, किंवा परिणामाचा वाटा आणखी कुठून तरी आत येतो आहे. तुमची शंका बरोबर असली तरी ती लिहिताना नम्र आणि नेमकी हवी: कुठली शीट, कुठली सेल, काय बदललं, आयसर किती झाला. आर्थिक मूल्यमापनाचा अहवाल लिहिताना २०२२ चे चिअर्स निकष पाळा.

हितसंबंधांबद्दल सुरुवातीलाच सरळ राहा. कंपन्यांसाठी सल्लागारी करण्यात गैर काही नाही, पण त्याच औषधाच्या मूल्यमापनात मग तुम्ही बसू शकत नाही. कुणासाठी काय केलं, त्याची स्वतःची यादी ठेवा.

पायरी सहावी: टिकून राहणं आणि स्वतःचं नाव

या क्षेत्रातली खरी अडचण कामात नाही, नोकरीच्या रचनेत आहे. बरीचशी पदं करारावर असतात आणि प्रकल्प संपला की करारही संपतो. एचटीएचा अहवाल तीनशे पानांचा असतो, त्यामागे वर्ष गेलेलं असतं, पण बढतीच्या अर्जात तो एकच प्रकाशन म्हणून मोजला जातो. रिव्ह्यूमध्ये आठ-दहा लेखक असतात आणि मधली नावं कुणी वाचत नाही. मेहनती तरुण यामुळे खचताना मी पाहिले आहेत आणि दर वेळी जीव तुटतो.

यावर करता येण्याजोगं काही आहे. लेखकांचा क्रम प्रोटोकॉल लिहितानाच ठरवा, मेलमध्ये लिहून. क्रेडिट या पद्धतीत योगदानाच्या १४ भूमिका दिल्या आहेत, त्यांतली तुमची कोणती ते निबंधात छापून घ्या. प्रत्येक मोठ्या अहवालातून पद्धतीबद्दलचा एक छोटा निबंध काढा: शोधात काय अडलं, मॉडेलमधल्या कुठल्या निवडीने निकाल हलला. त्याचे पहिले लेखक तुम्ही असाल. तुमचा कोड आणि एक्स्ट्रॅक्शनचे तक्ते खुले ठेवा. ते दुसऱ्याने वापरले की तुमचं नाव तुम्ही नसलेल्या खोलीतही पोचतं. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की पुढचा अर्ज लिहायला घ्या, प्रकल्प कितीही ऐन भरात असला तरी.

प्रकाशनांची संख्या वाढवण्यासाठी आधीच पाच रिव्ह्यू झालेल्या प्रश्नावर सहावा करू नका. प्रोस्पेरो शोधा, आधीचे रिव्ह्यू अ‍ॅमस्टार २ या साधनाने पारखा, आणि खरोखर उणीव दिसली तरच हात घाला.

आजच सुरू करायचं असेल तर

टीम मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या विषयातला एक छापलेला रिव्ह्यू घ्या, त्यातले तीन अभ्यास मूळ निबंधात उघडा आणि आकडे स्वतः उतरवून फॉरेस्ट प्लॉटशी ताडून पाहा. फरक सापडला तर लेखकांना लिहा.

२००९ मध्ये केइजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी हेच केलं. टॅमिफ्लू या फ्लूवरच्या औषधाने फ्लूनंतरची गुंतागुंत कमी होते, हा कॉक्रेन रिव्ह्यूचा निष्कर्ष दहा चाचण्यांच्या एका एकत्रित निबंधावर उभा होता. त्या दहांपैकी दोनच चाचण्या छापून आल्या होत्या, हे त्यांनी एका प्रतिक्रियेत दाखवलं. रिव्ह्यू करणाऱ्यांनी चूक मान्य केली आणि कंपनीकडे मूळ डेटा मागायला सुरुवात केली. चार-पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर लाखाहून अधिक पानांचे अहवाल हाती आले. २०१४ च्या नव्या रिव्ह्यूमध्ये प्रौढांची लक्षणं ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत कमी झालेली दिसली, पण रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटल्याचा पुरावा मिळाला नाही.

तेव्हा लेखकांना लिहाल ते पत्र असं लिहा: कुठला अभ्यास, कुठलं पान, तुमच्याकडे काय आकडा आहे, मला काय मिळाला, माझा तक्ता सोबत जोडला आहे.